गोवरीवरची करंगळी

१ जानेवारी २००२, मंगळवार

वसमतच्या पुनमचंद आडत्यानं यंदा डायरी दिली. दरसाली कॅलेंडर देतो. ते भिंतीला लावलं की काम संपतं. डायरीचं काय करावं? पुठ्ठा रेग्झिनचा आहे, कागद गुळगुळीत. फुकट आलेली चीज कोरी ठेवणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून आजपासून लिहायचं ठरवलं.

तर मी व्यंकटराव. गाव हिंगोलीकडच्या गोरेगावापासून कोसभर. हळदीचं रान आहे, दोन म्हशी आहेत, आणि नडल्याअडल्याला पैसे देतो. लोक सावकार म्हणतात. मी स्वतःला मदतगार समजतो. शेकडा पाच रुपये महिना, आणि वर चांदीचा एखादा डाग गहाण ठेवून घेतो, तोही माणसाला माझी आठवण राहावी म्हणून.

घरात आम्ही दोघंच. पोरगा विजयकुमार नांदेडला नोकरीवर. मंडळीचं नाव मंजुळाबाई. स्वयंपाक, म्हशी, शेणगोवऱ्या सगळं एकटी पाहते. तक्रार एकच. आज दुपारी म्हणाली, "आवो, मला जवळचं दिसून न्हाई राहिलं. हिंगोलीला नेऊन चष्मा घेऊन द्या न."

मी म्हटलं, "बघू."

बघू म्हणायला पैसे पडत नाहीत, हा त्याचा मोठा फायदा.

४ जानेवारी

भातात खडा. मंडळीला म्हटलं, खडा डोळ्यानं दिसत नसतो, लक्षानं दिसतो. ती सूप घेऊन उन्हात जाऊन बसली. म्हणजे पटलं असावं.

१६ जानेवारी

सटवाजी ओट्यावर बातमी घेऊन आला. सटवाजी माझा शेजारी. कामधंदा कमी, कान मोठे, आणि चहा माझ्या घरचा. म्हणाला, "ओढ्यापलीकडं तांड्यावर एक मॅडम येऊन राहिली. शिला मॅडम म्हणतात तिला. बायाईचा बचत गट काढून राहिली."

"करतात काय त्यात?"

"दर बाईनं महिन्याला वीस रुपये टाकायचे. मंग जिला नड असंल तिला त्यातून कर्ज. पुढं बँक बी देते म्हणं."

मी पोट धरून हसलो. वीस वीस रुपयांवर कोणी सावकार होतं का? आणि पुढारीण कोण, तर तांड्यावरची अनुसयाबाई! तिचे चांदीचे तोडे गेल्या दिवाळीपासून माझ्या पेटीत पडून आहेत. आधी ते सोडव म्हणावं, मग बँक काढ.

२४ जानेवारी

हसून झालं, पण डोक्यातून जाईना. तांड्यावरचे निम्मे लोक माझे गिऱ्हाईक. तिथं काय शिजतंय ते कळायला पाहिजे. सटवाजीला पाठवावं तर बाया पुरुषाला बसू देणार नाहीत. मग मंडळीला म्हटलं, तू जा. नुसती बस, कान उघडे ठेव, घरी येऊन मला सांग.

ती म्हणाली, "मी न्हाई जात. लोक म्हणतील सावकारीण तांड्यावर गेली."

तिला राजकारण कळत नाही. तासभर समजूत घातली तेव्हा तयार झाली.

२५ जानेवारी, शुक्रवार

मंडळी जाऊन आली. म्हणाली, "नुसतं बसू देत न्हाईत. गटात असंल तिलाच बसता येतं. त्यांला धा बाया लागतात, नऊच होऊन राहिल्या. धावी भेटंना म्हणून गट अडून बसला होता. मला पाहिलं आन् हात धरून बसवलं."

असा योग जुळायला नशीब लागतं. कोणाला संशयसुद्धा आला नाही. लगेच वीस रुपये काढून दिले. इथं नोंद करून ठेवतो, हेरगिरीचा खर्च, दरमहा वीस. धंद्यात असा खर्च करावा लागतो.

१५ फेब्रुवारी

हेराचा पहिला अहवाल. गटात काय झालं विचारलं तर म्हणाली, "पापड उडदाचे बरे की ज्वारीचे, यावरून भांडणं झाली."

"पैशाचं काही?"

"मला काय कळतंय त्यातलं."

मी निर्धास्त झालो. या बायका बँक चालवणार!

भातात पुन्हा खडा, मोठा. डाव्या बाजूची दाढ हलली असं वाटतं.

८ मार्च

हळद शिजवण्याची धांदल. अंग, धोतर, मिशी सगळं पिवळं. मंडळीनं पिवळं धोतर धुतलं आणि उलटं वाळत घातलं, मी तसंच नेसून गोरेगावला जाऊन आलो. सगळे हसले. घरी येऊन बोललो तर म्हणे, "सुलटं-उलटं दिसायला डोळे लागतात."

आता कामाच्या दिवसांत हा विषय काढायचा का?

एक गोष्ट लिहून ठेवतो. मंडळी चौथी शिकलेली आहे. पहिले वाणसामानाच्या पुडीचा कागदसुद्धा सरळ करून वाचत बसायची, आणि मी म्हणायचो, साखर खा, कागद कशाला खातेस. आता अक्षर दिसत नाही म्हणते. त्यामुळं ही डायरी भिंतीतल्या देवळीत उघडी ठेवली तरी फिकीर नाही.

१९ एप्रिल

वाईट दिवस. अनुसयाबाई आली आणि मुद्दल-व्याज माझ्या पुढ्यात ठेवून तोडे सोडवून घेऊन गेली. मी विचारलं, "कुठून आणले गं?"

"गटातून उचलले, सावकार. शेकडा दोन. ते बी व्याज आमच्याच पेटीत जातं."

तोडे तिथंच ओट्यावर बसून पायात घातले आणि वाजवत गेली. पेटी उघडून पाहिली तर त्या कोपऱ्यात नुसता गोल डाग. इतकी सवय झाली होती त्या तोड्यांची! मंडळीला विचारलं, गटात कर्ज वाटलं हे मला सांगितलं का नाही? म्हणाली, "त्या दिवशी माह्या कानात दडे बसले होते."

डोळे झाले, आता कान.

११ मे

 आज सकाळी मंडळीनं परसातल्या गोवऱ्यांच्या राशीत हात घातला आणि लाल विंचवानं डंख मारला. गोवरीवर समोरच बसला होता मेला, हातभर अंतरावर. तिला दिसलाच नाही. घामानं अंग ओलं झालं, हातपाय गार पडले, वांत्या सुरू. मी जीपवाल्याला म्हटलं, काय पाहिजे ते घे पण हिंगोलीपर्यंत ॲक्सिलेटरवरचा पाय काढू नको. भाडं ठरवलंसुद्धा नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

वाटेत तिनं माझा हात धरला होता. तिची उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे, विहिरीच्या रहाटात सापडली होती, मी हाडवैद्याकडं नेलं होतं, त्यानं पैसे घेतले नाहीत आणि बोट वाकडंच बसवलं. ती वाकडी करंगळी माझ्या तळव्यात रुतत होती. मी मारुतीला म्हटलं, हिला नेऊ नको बाबा, मी रोडग्याचं गावजेवण घालतो.

१४ मे

धोका टळला. घरी आणलं. मला दोन घास गोड लागले.

डॉक्टरनं निघताना म्हटलं, "आजींना जवळचं दिसत नाही. चष्मा करून घ्या, नाहीतर पुन्हा हात कुठं घालतील सांगता येत नाही." मी मान हलवली. डॉक्टरचा कोणीतरी मेहुणा चष्म्याच्या दुकानात असणार, मला ओळखू येतं. शिवाय आताच एवढा खर्च झाला. मंडळीला म्हटलं, बघून हात घालत जा.

ती म्हणाली, "तेच तर सांगून राहिले दिवाळीपासून."

मी म्हटलं, बघू.

२१ जून, शुक्रवार

मंडळी आज गटात गेली ती तोंड पाडून, आली ती हसत. काय झालं विचारलं तर म्हणे, "कुरडयाचं ठरलं." कुरडयांनी माणूस एवढं खूष होतं?

सोमवारी बहिणीला भेटायला हिंगोलीला जाते म्हणाली, अनुसयाबाई सोबत आहे म्हणून जीपचं भाडंही मागितलं नाही. मी लगेच जा म्हटलं.

५ जुलै

भातात खडा नाही. आठ-दहा दिवस झाले, एकही नाही. मी जानेवारीपासून ओरडत होतो त्याला आता फळ आलं. माणसाला चिकाटी पाहिजे.

२० जुलै

पावसानं ओढ दिली आहे. अशा दिवसांत माझ्या ओट्यावर जोड्यांची रांग लागते. यंदा सटवाजीचे जोडे आणि माझे, बस. तांड्यावरचे बी-बियाणं गटातून उचलून राहिले. अनुसयाबाईनं दोन शेळ्या घेतल्या. मी नुसता बसून पानं खातो.

आज सहज मनात आलं, किती दिवसांत धपाटे खाल्ले नाहीत.

२१ जुलै

दुपारी ताटात धपाटे! सोबत दही, लसणाची चटणी. मी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता, फक्त इथं लिहिलं होतं. तीस वर्षं संसार केला की बाई मनातलं ओळखते, ते खरं आहे.

२ ऑगस्ट

परसातली गोवऱ्यांची रास बसत चालली आहे. पावसाळ्यासाठी राखून ठेवलेला माल. कोणीतरी नेतंय. मंडळीला विचारलं तर म्हणाली, "उंदरं असतील."

उंदीर गोवरी खातो हे मी प्रथमच ऐकलं. तरी सापळा लावला.

६ ऑगस्ट

सापळ्यात माझाच अंगठा सापडला. उंदीर नाही.

आज स्वतः पाळत ठेवली. भर दुपारी लिंबाखाली बाज टाकून घोरायचं सोंग केलं, एक डोळा किलकिला. चोर काही आला नाही. मंडळी तेवढी टोपलं घेऊन आली, गोवऱ्या भरल्या, आणि ओझं उचलेना म्हणून मला हाक मारली. मीच उठून टोपलं तिच्या डोक्यावर दिलं. कुठं चाललीस म्हटलं तर म्हणे, "म्हशीचं आंबोण शिजवते." मग पुन्हा येऊन झोपलो. चोराला कळलं असावं मी जागा आहे ते.

११ सप्टेंबर

पोळा झाला. मंडळी हल्ली जाड होऊन राहिली आहे. चालते तेव्हा जमीन हादरते. बायकांनी या वयात जिभेवर ताबा ठेवावा.

१२ सप्टेंबर

दोडका.

१३ सप्टेंबर

दोडका.

१४ सप्टेंबर

पुन्हा दोडका, बिनतेलाचा. मला दोडका आवडत नाही हे तिला लग्नापासून माहीत आहे. काही तरी बिनसलंय. तसं पाहिलं तर मंडळी मुळात देखणी. लग्नात पिवळ्या शालूत काय दिसत होती! आजही नऊवारी नेसून निघाली की बघत राहावं.

१५ सप्टेंबर

सकाळीच पुरणपोळ्या. सण नाही, पाहुणा नाही, तरी तुपाची वाटी काठोकाठ. आता माझी खात्री झाली. या डायरीत लिहिलं की घडतं. पुनमचंदकडून पुढच्या सालीही मागून घेईन. पाऊस पडो, कर्जदार येवोत, असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो.

२ ऑक्टोबर

पाऊस पडून गेला, कर्जदार आले नाहीत. डायरीची ताकद खाण्यापिण्यापुरतीच दिसते.

९ नोव्हेंबर

दिवाळी झाली. वर्षात एकही नवा डाग पेटीत आला नाही. सटवाजी म्हणाला, "लोकं तुमाला इसरून राहिले, सावकार. काही तरी जेवू घाला."

मारुतीला बोललेलं रोडग्याचं जेवण राहिलंच आहे. एका खर्चात दोन कामं होतील. नवस फिटेल आणि गावासमोर चार शब्द बोलता येतील की बायकांच्या गटात घर अडकवू नका, अडीनडीला आपला व्यंकटरावच. तारीख ठरवली, तेवीस, शनिवार.

२१ नोव्हेंबर

तयारी जोरात. रोडगे भाजायला गोवऱ्या लागतात, आणि आपली रास चोरानं पार चाटून नेली. सटवाजीला म्हटलं, कुठूनही गाडीभर विकत आण.

परवा बोलायचं भाषण मनात जुळवतो आहे. हा गट म्हणजे दहा रिकामटेकड्या बायांची चावडी. त्यातल्या नऊ अंगठेबहाद्दर, आणि दहावी, म्हणजे आमची मंडळी, तिच्या डोक्यात तर कुरडयांशिवाय काही शिरत नाही. हिशेब बायकांचं कामच नव्हे. ती अनुसयाबाई चार दिवस तोडे वाजवेल आणि मग माझ्याच ओट्यावर येऊन रडेल, आणि मी तिला बराबर शेकडा सात लावीन.

२२ नोव्हेंबर

भातात खडा! तोही केवढा, हरभऱ्याएवढा. डाव्या दाढेचा तुकडाच निघाला. पाच महिन्यांत पहिला. मी ओरडलो तर मंडळी म्हणाली, "लक्ष नव्हतं." उद्याच्या भाषणाची पंचाईत. बोलताना शिट्टी वाजते आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

काल लिहिलं नाही. लिहायची हिंमत नव्हती.

मारुतीच्या चिंचेखाली सगळं गाव जमलं होतं. कणकेचे गोळे बनवून झाले, वांगी चिरून झाली. सटवाजीनं गाडी उलटी केली आणि गोवऱ्या खाली पडल्या. मी एक सहज उचलली. गोवरीवर थापणारीच्या पाच बोटांचा ठसा असतो, कोणी बघत नाही. मी बघितला. चार बोटं सरळ आणि करंगळी बाहेर वाकलेली. दुसरी उचलली, तीच करंगळी. तिसरी, तीच. मी ओरडलोच, "सापडला! माझा माल सापडला! सटवाजी, कुठून आणल्या या?"

"तांड्यावरून. अनुसयाबाईकडून. गटाचा धंदा हाय तिचा, बायाईच्या गोवऱ्या गोळा करते आन् गोरेगावच्या हाटेलवाल्याईला देते."

बस! वर्षभर ज्या संधीची वाट पाहत होतो ती आयती चालून आली. भाषण बाजूला ठेवलं, माणूस पाठवून अनुसयाबाईला बोलावलं. ती आली, मागं गटातल्या बाया. मी गोवरी उंच धरून गावाला दाखवली. "ही करंगळी माझ्या घरातली. हे बोट मी ओळखणार नाही तर कोण? आता सांग, माझ्या परसातून किती दिवसांपासून चोरून राहिलीस? हाच का तुमचा गट?"

अनुसयाबाई जागची हलली नाही. म्हणाली, "चोरी न्हाई, सावकार. इकत घेतल्या."

"कोणाकडून?"

"ते न्हाई सांगणार. गटातली गोष्ट भाईर काढायची न्हाई, असं ठरलंय आमचं."

"ऐका, ऐका!" मी गावाकडं वळून म्हटलं, आणि दाढेतून अशी शिट्टी वाजली की पोरं हसली. मी म्हटलं, "पोलीस पाटलाला बोलवा. आज या बाईला गावासमोर चोर ठरवूनच रोडगे खाऊ."

तेवढ्यात बायांच्या मागून आमची मंडळी पुढं आली. हातात वरणाची बादली होती ती खाली ठेवली. कमरेची पिशवी उघडली, आतून एक चष्मा काढला, पदरानं पुसला आणि डोळ्यांवर चढवला. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. तिनं माझ्या हातातली गोवरी घेतली, निरखून पाहिली, आपली करंगळी त्या ठशात बसवली.

"व्हय," ती म्हणाली, "हात माहाच हाय. शेण मी उचललं, गोवरी मी थापली, आन् इकली बी मीच. आता चोरी कोणाची झाली ते सांगा."

 सटवाजी म्हणाला, "पण वहिनी, काहून? तुमाला काय कमी?"

"चष्मा कमी होता," ती म्हणाली. "यांला वरीसभर मागितला. बघू म्हणले. इंचू चावला तरी बघू म्हणले. मंग गटात मागितला. या बायाईनं तोडे इचारले न्हाई, पाटल्या इचारल्या न्हाई, एका बैठकीत पैसे दिले. अनुसयाबाईनं स्वतः हिंगोलीला नेऊन डोळे तपासले. त्याचा हप्ता मी गोवऱ्या इकून फेडून राहिले."

"घरी एवढा पैसा असून?"

"घरी हाय तो यांचा हाय. माह्या हातात कवा आला?" मग ती माझ्याकडं वळली आणि तिला हसू फुटलं. "आन् मला गटात कोणी घातलं माहीत हाय का? यांनीच! हेर म्हणून धाडलं. महिन्याचे वीस रुपये बी हेच भरतात. मी गेले न्हाई तवरोक धावी बाई भेटत नव्हती, गट सुरूच होऊन न्हाई राहिला होता."

आधी बाया हसल्या. मग पोरं. मग सटवाजी, माझा चहा पिऊन मोठा झालेला, तो तर चिंचेला टेकून हसत होता. गाव असं हसलं की वरचे बगळे उडाले. त्या गडबडीत कोणीतरी गोवऱ्या पेटवूनही दिल्या. माझा सगळा पुरावा माझ्या डोळ्यांदेखत धडधडून पेटला.

रोडगे मात्र खरपूस झाले. लोकांनी चार चार खाल्ले. मला एकही गेला नाही. काल संध्याकाळपासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. गाव हसलं त्याचं काही नाही, गाव हसतंच. पण ज्या उंबऱ्यावर बसून मी साऱ्या मुलखाला पैसे दिले, त्याच उंबऱ्याच्या आतल्या बाईला पैशासाठी ओढा ओलांडून जावं लागलं. आणि तिला ज्यांनी दिलं त्यांना मी काल चोर म्हणालो. लई लागलं.

२६ नोव्हेंबर

सकाळीच तांड्यावर गेलो. अनुसयाबाई शेळ्यांना पाला टाकत होती. म्हटलं, "चुकलो बाई. आता मंजुळेचं जे राहिलं असेल ते एकदम घे आणि खातं मिटवून टाक."

तिनं नोटांकडं पाहिलंसुद्धा नाही. "बाईचा हप्ता बाई देईल, सावकार. दुसऱ्याच्या हातचा पैसा गटाला चालत न्हाई."

"अगं मी तिचा नवरा!"

"म्हणून तर," ती म्हणाली. पण चहा दिला. शेळीच्या दुधाचा होता, चांगला लागला.

जन्मात पहिल्यांदा खिशातले पैसे घेऊन गेलो आणि कोणी घेतले नाहीत. कर्ज न मिळालेला माणूस माझ्या ओट्यावरून कसा उतरत असेल ते आज ओढा उतरताना कळलं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

मंडळीला म्हटलं, सोनेरी काडीचा चष्मा आणतो हिंगोलीहून. म्हणाली, "एक हाय की. दोन डोळ्याला दोन चष्मे कशाला?" साडी? "दिवाळीला घेतली." काय पाहिजे ते तरी सांग! तर म्हणाली, "आज गटाची बैठक हाय. वीस रुपये द्या."

दिले. आता हेरगिरी म्हणून नव्हे. कोणत्या खात्यात लिहावं समजेना, तसंच सोडलं.

ती गेल्यावर रिकाम्या परसात जाऊन बसलो. नव्या गोवऱ्या वाळत घातल्या आहेत, ओळीनं. सगळ्यांवर ती करंगळी. फुकटच्या हाडवैद्याऐवजी डॉक्टरकडं नेलं असतं तर ती सरळ असती आणि मला काहीच कळलं नसतं.

२ डिसेंबर, सोमवार

मंडळी ओट्यावर बसून पुडीचा कागद वाचत होती, गुळाच्या पुडीचा. मी म्हटलं, मोठ्यानं वाच. तिनं वाचलं, कुठंतरी कोणाची म्हैस हरवली होती. दोघंही बराच वेळ त्या म्हशीबद्दल बोललो. बरं वाटलं.

एकच कोडं सुटत नाही. चष्मा आल्यापासून खडा बंद झाला होता, ते आता समजलं. मग बावीस तारखेला एवढा हरभऱ्याएवढा खडा आला कुठून? चष्म्यातूनही कधी नजर चुकत असावी. माझी दाढ मात्र गेली. रोज ठणकते, भाकरी चावता येत नाही. उद्या मंडळीला म्हणणार आहे, चल माझ्यासोबत हिंगोलीला, दाढ दाखवून येऊ.

(याखाली दुसऱ्या हाताचं, जरा तिरपं अक्षर:)

नजर चुकली न्हाई. इचून इचून सगळ्यात मोठा खडा टाकला होता. आदल्या दिवशी गटातल्या बायाईबद्दल काय काय लिहिलं ते वाचून. पुरणपोळ्याच्या आदल्या दिवशीचं बी वाचलं होतं, ते चांगलं लिहिलं होतं.

दाढेचं बघू.

मंजुळा